ऐकते, पण उठत नाही

"ही आमच्यावर प्रेमच नाही करत हो," त्या मॅडम म्हणाल्या आणि बास्केट टेबलावर ठेवली. चिडून वगैरे नाही, अगदी रडवेल्या आवाजात. नवरा बाहेर स्कूटरपाशीच उभा होता, हेल्मेट पण काढलं नव्हतं त्याने, म्हणजे काय ते पटकन आटपा असा एकूण नूर. बास्केटमध्ये बायजा, आमच्या शेल्टरमधून त्यांनी नेलेली मांजर. पांढऱ्यावर काळे नि केशरी डाग, हनुवटीवर एक काळा ठिपका, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. पाडव्याच्या सुमारास नेलं होतं तिला त्यांनी. नाव बदलून ऑलिव्ह ठेवलं, चढायला ते ऑनलाइन मिळतं तसलं झाड मागवलं, महागातली पाकिटं, बाल्कनीला जाळी, सगळं. आणि ही दिवसभर कपाटावर. हाक मारली तर येत नाही, मांडीवर घेतलं की दोन मिनिटांत उतरून जाते, पाहुणे आले की दिवाणाखाली. "कान हलवते हो फक्त. म्हणजे ऐकू तर येते नं तिला! मग?" त्या 'मग'चं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. शेल्टरच्या ताईने रजिस्टर उघडलं, 'परत' असं लिहिलं, कारणाच्या रकान्यावर पेन थोडा वेळ तसाच धरला आणि शेवटी 'स्वभाव' लिहून टाकलं. कोणाचा ते नाही लिहिलं.

मला खरं तर राग यायला पाहिजे होता. तसा येतोच, मांजर परत आली की. बदली झाली, घरमालक नाही म्हणाला, सासूबाईंना दमा, सोफा फाडला, ही कारणं पाठ झाली आहेत आणि त्यातली अर्धी खरी पण असतात. पण हे कारण कुठल्याच खणात बसेना. ते दोघं वाईट नव्हतेच. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, रात्री नेऊन कुठल्या चौकात सोडून दिलं नाही, इमानदारीत परत आणून दिलं, जे आमच्या फॉर्मवर लिहिलेलंच असतं की नाही जमलं तर आमच्याकडेच आणा. फॉर्मच्या हिशोबाने शंभरपैकी शंभर. आणि तरी पुढे कितीतरी दिवस ऑफिसात बसल्या बसल्या तेच वाक्य डोक्यात फिरून राहिलं होतं, प्रेमच नाही करत. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तू तरी कुठे उठतो हाक मारल्यावर." ते वेगळं.

आमचं शेल्टर नागपूरहून हिंगण्याकडे जाताना मेन रोड सोडून आत आहे, टिनाचे शेड, एक पक्की खोली आणि मध्ये जाळी लावलेलं आवार. मी रविवारी जातो. सकाळी पोचलं की पहिले वास येतो तो मांजरांचा नाही, चिकनच्या मानेचा. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, माना, पंजे आणि तांदूळ रटरटत असतात आणि त्या वाफेने शेडमधले सगळे ओरडून ओरडून आसमंत डोक्यावर घेतात. फिनाईलचा वास मात्र येणार नाही. नवीन व्हॉलंटिअर हमखास फिनाईलची बाटली घेऊन येतात आणि ताई ती गेटवरच ठेवून घेते. मांजराच्या लिव्हरला फिनॉल निकामी करता येत नाही, पुसलेल्या फरशीवरून चालून मग पाय चाटले की ते सरळ पोटात, आणि जवळपास त्याच कमतरतेपायी आपली तापाची साधी पॅरासिटामॉल त्यांच्यासाठी विष ठरते. एका भल्या माणसाने आजारी बोक्याला मायेने अर्धी गोळी दुधात विरघळवून पाजली होती, आम्ही त्याला सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात नेईपर्यंत हिरड्या गुलाबीच्या मातकट झाल्या होत्या. मायेने. तर फरशी आम्ही पुसतो पातळ केलेल्या ब्लीचने, ते पण पॅनल्यूकच्या धास्तीने. मांजरांचा पार्व्हो म्हणा ना, कुत्र्याच्या पिल्लांना होतो तसला जीवघेणा आजार. त्याचा व्हायरस फटीत, कपड्यात वर्षभर टिकू शकतो, साबणाला दाद देत नाही. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. एका पावसाळ्यात पिल्लांची अख्खी खोली रिकामी झाली होती, एवढंच.

मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की शेडमध्ये दोन कूलर चालवावे लागतात, खाली ओली पोती अंथरतो, आणि सगळी मंडळी त्या पोत्यांवर हातपाय पसरून अशी पडतात की नवीन माणसाला वाटावं गेली बिचारी. नेमकं त्याच दिवसांत पिल्लांचा लोंढा येतो. दिवस मोठा होत गेला की मांजरी माजावर येतात आणि त्यांची गाभण राहण्याची मुदत जेमतेम दोन महिने, त्यामुळे होळी संपली की गेटबाहेर खोकी दिसायला लागतात. खोक्यांवरून आठवलं. लपायला जागा असली की शेल्टरमधली मांजर लवकर स्थिरावते, नेदरलँड्समध्ये २०१४ साली यावर रीतसर अभ्यास करून झाला आहे, काही मांजरींना खोका दिला, काहींना नाही, तर खोकावाल्या पहिल्या काही दिवसांतच निवांत झाल्या. मग आम्ही म्हटलं नागपुरात खोक्यांची काय कमी! कळमन्याहून संत्र्याची रिकामी खोकी गोळा करून आणली, फुकटात. एकही जण आत जाईना. लांबूनच नाक उडवायचे आणि पाठ फिरवून बसायचे, संत्र्याचा वासच सहन होईना त्यांना. संत्रानगरीत राहून ही तऱ्हा. शेवटी मेडिकल चौकातल्या एका औषधवाल्याने सलाइनची खोकी दिली ती चालली. बायजा परत आल्यावर त्यातल्याच एकात जाऊन बसली, आणि पहिले काही दिवस खोक्यातून फक्त ती हनुवटी दिसायची. ऑलिव्ह म्हटलं तरी कान हलायचा, बायजा म्हटलं तरी हलायचा.

लोक मांजर कशी पसंत करतात हे बघत बसायला मला आवडतं, आणि नाही पण आवडत. पिल्लू पाहिजे, हे पहिलं. सहा महिन्यांच्या वरचं म्हटलं की चेहरा पडतो. काळी नको, हे दुसरं, आणि ते कोणी तोंडाने म्हणत नाही, "फोटोत नीट दिसत नाही नं" असं म्हणतात. केशरी बोके लगेच जातात, त्या सगळ्यांची नावं संत्रा, बर्फी नाहीतर संत्राबर्फी. आणि मग "पर्शियन आहे का?" असतात. पर्शियन पण असतात आमच्याकडे, म्हणजे दुकानातून हजारो रुपये मोजून आणलेले आणि पहिल्याच उन्हाळ्यात केसांच्या गाठी होऊन, डोळ्यांतून पाणी गळायला लागल्यावर एखाद्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये 'हरवलेले'. १९६०च्या कायद्यात जनावर असं उपासमारीला सोडून देणं गुन्हाच आहे, पण पहिल्या वेळचा दंड किती, तर १० ते ५० रुपये. तेवढ्यात सीताबर्डीवर तर्री पोहे खाऊन वर चहा तरी येतो का बघा. गाठी कापायला आम्हाला दोन जण लागतात, एक धरणारा, एक कातरणारा, आणि खालची कातडी लालभडक, ओलसर, गाठीखाली कधी कधी गोचीड. गाठ सुटली की ते जनावर असं काही अंग झाडते की बास.

आणि शाकाहारी घरं. हा नाजूक विषय आहे, आमच्या घरात पण अर्धे शाकाहारीच. फार गोड माणसं येतात, हात जोडून येतात, आणि विचारतात, दूध-पोळी चालते नं हिला? आता मांजर दूध-पोळी खाते, दिसते आपल्याला खाताना, पण मोठ्या मांजराला बरेचदा दूध पचत नाही आणि पोळीत तिच्या कामाचं काहीच नसतं. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिला लागते, ते तिचं शरीर पुरेसं बनवत नाही आणि ते मिळते मांसा-मासळीतूनच. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय फुगते. १९८७ साली अमेरिकेत हे हृदयाचं नक्की झालं, तेव्हा बाजारातल्या डबाबंद खाण्यातसुद्धा टॉरिन कमी पडून राहिलं होतं, मग कंपन्यांनी वाढवलं. एवढं सगळं ताई समजावते आणि म्हणते, पाकिटातलं ड्राय फूड घाला, हात पण लावावा नाही लागणार. काहींना पटते. एक आजी मात्र म्हणाल्या, "मग तिला आवडते तेच खाऊ दे, माझ्या घरी नको, पण मी इथं येऊन खाऊ घालीन तर चालते का?" आणि येतात त्या, नाकाला पदर लावून.

प्रेम त्याला म्हणायचं का, मला नाही सांगता येत.

माझं आजोळ नागपूरच्या महाल भागातलं. वाड्यात एक मांजर होती आणि तिला नाव नव्हतं, ती 'मांजर' होती बस. आजी मोरीजवळ जर्मलच्या ताटलीत दूधभात टाकायची, ती खायची आणि जायची. उंदीर धरायची. वर्षातून दोनदा कोठीत गोधड्यांच्या घडीवर व्यायची आणि मग एकेक पिल्लू मानेला धरून जागा बदलत राहायची, आज कोठीत, उद्या माळ्यावर, परवा शेजारच्या वाड्यात. आजीचं म्हणणं, सात घरं दाखवल्याशिवाय पिल्लांचे डोळे उघडत नाहीत. डोळे आपले आठवड्या-दोन आठवड्यांत उघडतातच, मांजर जागा बदलते ती वास लागून कोणी येऊ नये म्हणून, पण आम्ही पोरं मोजत बसायचो, पाच झाली, सहा झाली. त्या मांजरीने प्रेम करावं असं त्या घरात कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. तिने मांडीवर बसावं अशी अपेक्षा नाही, ती बसली तर ढकलून देत पण नसे कोणी. आणि हे सगळं लिहिताना मला फार छान वाटायला लागते, जुने दिवस वगैरे, म्हणून पुढचं पण लिहून टाकतो. पिल्लं फार झाली की मामा त्यांना पोत्यात घालायचा, तोंड सुतळीने बांधायचा आणि सायकलच्या कॅरियरवर ठेवून पारडीच्या पुढे सोडून यायचा. मारायचं नाही हां, मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते, आजीचा सक्त दंडक. सोडायची. पोत्यातून येणारा तो आवाज सायकल बोळातून वळेपर्यंत यायचा आणि मग आजी म्हणायची, चला रे, हातपाय धुवा.

तेव्हा प्रेम मागत नव्हते ते बरंच होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मागत नव्हते म्हणून सोडून पण देता येत होतं.

मध्ये कुठेतरी वाचलं ते ताईला सांगितलं. टोकियोमध्ये काही जणांनी मांजरींना रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवले, अनोळखी माणसांचे आणि मालकाचा, सगळे तिचं नाव घेऊन हाक मारणारे. २०१३ साली छापून आलं ते. तर मालकाचा आवाज त्या बरोब्बर ओळखतात. कान वळवतात, डोकं वळवतात. आणि उठत नाहीत. ताई पिल्लाला बाटलीने दूध पाजत होती, ती मान वर न करता म्हणाली, "याच्यासाठी जपानले काहून जावं लागते? मले विचारलं असतं." मग थोड्या वेळाने म्हणे, पण हे बायजाला परत आणणाऱ्या त्या पोरीला कोणी सांगितलं नव्हतं बघ. तिने बिचारीने मोबाइलवर पाहिलेल्या मांजरी सगळ्या धावत येणाऱ्या. शेल्टरवाले एक ठोकताळा सांगतात, नव्या घरात तीन दिवस भीती, तीन आठवडे अंदाज घेणं, तीन महिन्यांनी घर आपलं वाटणं. आम्ही तो सांगतो, लोक मान डोलावतात. मला वाटते त्यात एक गोम आहे, आपण तीन महिने म्हटलं की समोरचा तारीख धरून बसतो. नव्वदाव्या दिवशी मांजर मांडीवर नाही आली म्हणजे माल खराब.

आणि आपण वाचवलं आहे तिला, हे पण असतेच आत कुठेतरी. शेल्टरची मांजर म्हटली की घेणाऱ्याच्या मनात पुण्य सुरू होते, माझ्या पण होते, रविवारी घरी येताना वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असताना सुद्धा मला जरा बरं वाटत असते स्वतःबद्दल. कुत्रा त्या पुण्याची पोचपावती देतो, शेपटी हलवून, रोज. मांजर देत नाही. तिच्या लेखी काय झालं? आधी ती एका जागी होती, मग कोणीतरी मानेला धरून दुसऱ्या जागी ठेवली, मग तिसऱ्या. नसबंदीची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलेलं, पोटाला टाके पडून गेलेले, सुया टोचलेल्या. हे उपकार आहेत असं तिने कशावरून समजावं! बायजा आता खोक्यातून बाहेर येऊन त्याच खोक्यावर बसते. परवा मी बाजूला स्टुलावर बसून औषधांची यादी करत होतो तर तिने एक पाय माझ्या बुटावर ठेवला, दुसरीकडे बघत, आणि तसाच ठेवून दिला. मी पण हललो नाही. प्रेम असेल. बूट उन्हात तापलेला होता, ते पण असेल.

जमते ते कसं जमते याचा पत्ता लागत नाही. मानेवाड्याकडचे एक रिटायर्ड काका, एकटेच राहतात, त्यांनी एका डोळ्याचा म्हातारा बोका नेला, मास्तर त्याचं नाव, कोणीच घेत नव्हतं. ताईने विचारलं हाच काहून? तर म्हणाले, "मला कोणाशी बोलायचं नसते आणि यालाही नसते असं दिसते." दर महिन्याला आम्ही खुशाली विचारतो, त्यांचं उत्तर एकच शब्द येते, 'ठीक'. फोटो मागितला तर पाठवतात, त्यात मास्तर बिछान्याच्या एका टोकाला आणि काकांचे पाय दुसऱ्या टोकाला. आणि त्याच आठवड्यात दोन पोरांच्या उत्साही घरातून एक पिल्लू परत आलेलं असते, रात्री ओरडते म्हणून.

सध्या आमच्यात भांडण चालू आहे ते इतवारीच्या शेठवरून. धान्याचा व्यापार, मागे गोदाम, उंदीर बेसुमार. ते आले आणि सरळ म्हणाले, "बिल्ली पाहिजे. कामाची. खेळायला नको." ताई त्यांच्याकडे अशी बघायला लागली की मला मध्ये पडावं लागलं. मी शेठच्या बाजूने आहे. आमच्याकडे एमआयडीसीतून उचललेले दोन भाऊ आहेत, भुऱ्या आणि काळ्या, नसबंदी झालेले, लसी झालेल्या, तब्येतीला धट्टेकट्टे, पण माणसाचा हात लागू देत नाहीत म्हणजे नाहीत, लहानपणी माणूस पाहिलाच नाही त्यांनी. त्यांना कोण नेणार फ्लॅटमध्ये? अमेरिकेत अशा मांजरींना कोठारात, गोदामात कामाला म्हणूनच देतात, खाणंपिणं, निवारा, डॉक्टर मालकाचा आणि लाडाची जबरदस्ती नाही. आणि तसं पाहिलं तर माणसाची नि मांजराची ओळखच धान्यामुळे झाली, सायप्रसमध्ये साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेली सापडली आहे, म्हणजे व्यवहारातून सुरू होऊन गोष्ट कुठवर गेली होती बघा तेव्हाच. ताई म्हणते, सायप्रस राहू दे, इतवारीचा रस्ता पाहिला का, हातठेले, टेम्पो, दिवसभर शटर उघडं.

तरी ती गोदाम बघून आली. गोदामाचं शटर मागच्या बाजूला आहे, बंद असते, वर झरोक्याला जाळी बसवून द्यायला शेठ तयार. पहिले काही आठवडे दोघांना आतल्या पिंजऱ्यातच ठेवायचं, जागेची सवय होईपर्यंत, ते पण कबूल. रोज चिकन आणायला मात्र शेठ तयार नाहीत, गोदामात मांसमच्छी येणार नाही म्हणाले, ड्राय फूडवर तोडगा निघाला. ताईने उंदीर खाऊन पोट भरेल हा त्यांचा हिशोब खोडून काढला, पोट भरलेली मांजर पण उंदीर मारते, उपाशी ठेवायची गरज नसते. सगळं ठरत आलं होतं, आणि निघता निघता तिला पोत्यांच्या मागे उंदराच्या औषधाच्या निळ्या वड्या दिसल्या. त्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगत फिरतो, आणि असा उंदीर मांजरीने खाल्ला तर तिला पण आतून रक्तस्राव व्हायचा धोका. ताई म्हणाली आधी औषध बंद करा, मग मांजर. शेठ म्हणाले आधी मांजर द्या, मग औषध बंद करतो, मधल्या काळात माझी तूर कोण राखेल? दोघांचंही बरोबर आहे. दिवाळीनंतर माल हलला की गोदाम रिकामं करून, झाडून, वड्या काढून कळवतो असं ते म्हणाले आहेत. ताईने तारीख मागितली आहे, लेखी, आणि शेठने उलट विचारलं आहे की मांजर उंदीर धरेलच याची गॅरंटी ताई लेखी देणार का.